धुतलेलं पेट्रोल

पेट्रोल धुता येतं. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांना सांगतो, मी नंदुरबारला अकरावी-बारावीच्या पोरांना बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय आणि भुवयांची मला सवय आहे. धुता येतं म्हणजे येतं. धुवावं का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर मला गुजरातच्या हद्दीवर, पोलिसांच्या साक्षीनं मिळालं.

आधी गाडीचं सांगतो. माझ्याकडे एकोणऐंशी सालची फियाट आहे. खरं म्हणजे ती सासऱ्यांची. सासरे म्हणजे रनाळ्याचे हिंमतराव पाटील, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी गाडीची चावी स्वतःच्या मुलाला, म्हणजे कुंदनला न देता माझ्या हातात ठेवली. "मास्तर माणूस शे, जपीसन वापरी," एवढंच म्हणाले. आयुष्यात मला एक आदर्श शिक्षक पुरस्कार आणि दोन शाली मिळाल्या आहेत, पण त्या वाक्याची सर त्यांना नाही.

कुंदननं ते मनाला लावून घेतलं नाही, असं तो म्हणतो. त्यानं खापर गावाच्या अलीकडे हायवेला हॉटेल काढलं आणि हॉटेलसमोर एक चौथरा बांधला. चौथऱ्याला गुलाबी फरशी, चारी बाजूंनी रंगीत दिवे, आणि वर काहीच नाही. फियाट चालेनाशी झाली की ती तिथं ठेवायची, लोक फोटो काढतील, फोटो काढून झाले की शेवभाजी खातील, असा त्याचा हिशेब. दर दिवाळीला मला विचारायचा, "दाजी, थकली का हो गाडी?" ज्या सुरात आपण आजारी माणसाच्या घरी विचारतो त्या सुरात.

आणि गाडी थकायला लागली होती. कारण नवीन पेट्रोल. आता पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. एकोणऐंशी साली जन्मलेल्या, सोवळ्यात वाढलेल्या गाडीला म्हातारपणी अचानक दारू पाजायला लागल्यावर तिची जी अवस्था व्हावी ती झाली. रबरी पाईप फुगून मऊ पडला. तो बदलला, तर टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून कार्बोरेटरमध्ये जाऊन बसला. आमचा मेकॅनिक रूपचंद म्हणाला, "सर, नवीन पेट्रोलले चालस तो पाईप टाकी देस, टाकी धुई देस. मंग रोज चार किलोमीटर फिरवा. काई व्हत नई तिले."

इतका सोपा उपाय कुणी सांगितला की माझा त्यावर विश्वास बसत नाही. हा शिक्षकी पेशाचा दोष आहे. पाईप मी टाकून घेतला, पण मूळ रोग पेट्रोलात असताना पाईपवर उपचार करणं मला पटेना.

कॉलनीत ही गोष्ट पसरली आणि सल्ले यायला लागले. शेजारचे सुपडूभाऊ एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण हात अजून गिअर टाकल्यासारखा हलतो. ते म्हणाले, लिटरमागे झाकणभर एरंडेल टाका. मी म्हटलं, एरंडेल कुणाच्या पोटात जाऊन काय करतं हे मला माहीत आहे, टाकीत जाऊन काय करेल ते सांगा. ते म्हणाले, "तेच करी." समोरच्या दीपमालाताईंनी डांबराच्या गोळ्या सुचवल्या, त्या त्यांच्या साड्यांच्या कपाटातून काढून घेऊनही आल्या. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचं मत एकच होतं, गुजरातमधून भरून आणा. आमच्याकडे कुठल्याही अडचणीवर तो एक उपाय असतोच. तिकडचं पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून ते शुद्धही असणार, असं लोकांना मनापासून वाटतं.

अशात एका बुधवारी आबांचा फोन आला.

"मास्तर, ऐतवारले भीमसिंगकडे नवाई शे. फियाट लिसन या."

भीमसिंग वसावे गुरुजी हे आबांचे शाळासोबती. दोघं नंदुरबारला एका बाकावर बसले, पुढे आबा शेतीत गेले आणि गुरुजी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. हद्दीपलीकडे सहा किलोमीटरवर त्यांचं गाव. नवीन धान्य आधी देवाला दाखवून मग घरात खायचं, ती नवाई. दरवर्षी आबा जातातच. पण या वर्षी गुरुजी फोनवर चेष्टेत म्हणाले होते की त्या डब्यात आता कोंबड्या ठेव. आबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि या वयात माणसाला चेष्टा फार लागते.

"मी सांगं त्याले," आबा म्हणाले, "तुन्हा दारमा आनीसन उभी करसू. आपला चाकंसवर. नही उनी तं कुंदनले दी देसू, मांडी दे वट्टावर."

फोन ठेवून मी हिशेब मांडला. रविवारी गाडी स्वतःच्या चाकांवर गुरुजींच्या दारात गेली तर माझी, वाटेत बसली तर चौथऱ्याची. आणि गाडी गेली याचं दुःख एकवेळ सोसलं असतं, पण 'मास्तर जपीसन वापरी' हे वाक्य परत घेतलं गेलं असतं, ते मला सोसवलं नसतं.

तेव्हाच मी पेट्रोल धुवायचं ठरवलं.

तत्त्व अगदी साधं आहे. अल्कोहोलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त. पेट्रोलात पाणी घालून हलवलं की अल्कोहोल पाण्यात उतरतं, ते मिश्रण तळाशी बसतं, वर शुद्ध पेट्रोल राहतं. बारावीच्या पोराला कळतं. (हे कुणीही घरी करू नये. मी केलं तेव्हा गायत्रीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरातला गॅस, देवघरातला दिवा आणि माझ्याशी बोलणं या तिन्ही गोष्टी तीन दिवस बंद ठेवल्या होत्या.)

पहिली अडचण पंपावर आली. कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत. नियम आहे. मी म्हटलं मी शिक्षक आहे, शास्त्रीय कामासाठी हवंय. पंपावरचा माणूस म्हणाला, मग तसं लेखी आणा. कुणाकडून आणू विचारलं तर म्हणाला ते लेखीत असेल. एका कार्यालयात गेलो. तिथं त्यांनी माझं ऐकून घेतलं, अर्जाला क्रमांक दिला आणि 'पेट्रोल धुणे' हा विषय कुठल्या टेबलाकडे येतो ते बघून कळवतो म्हणाले. अजून बघताहेत.

म्हणून मग गाडीतच वीस लिटर भरलं, घरी आणलं, टाकीखालची चाकी खोलून मागच्या अंगणात पिंपात काढलं. दुसऱ्या दिवशी गाडी सुपडूभाऊंच्या मदतीनं ढकलत परत पंपावर नेली.

"सर, काल वीस लिटर टाकलं होतं," पंपावरचा म्हणाला. "कुठं कुठं फिरले?"

"कुठंच नाही."

"मग पेट्रोल?"

"धुवायला टाकलंय."

त्यानं वीस लिटर भरलं, पैसे घेतले आणि मी जाईपर्यंत हातातला पाईप खाली ठेवला नाही.

दोन दिवस मी अंगणात पिंप हलवत होतो. गायत्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. शुक्रवारी तिनं मौन सोडलं. म्हणाली, "धुऊन झालं असेल तर सांगा, वाळत कुठं घालायचंय? दोरीवर जागा नाहीये." मी ते तिच्या पातळीवर सोडून दिलं.

चाळीस लिटरातून बत्तीस लिटर शुद्ध पेट्रोल निघालं आणि बारा लिटर तळाचं पाणी, ज्यात आठ लिटर अल्कोहोल. पेट्रोल मी टाकीत भरलं. राहिलं ते पाणी. ते गटारीत ओतणं गुन्हा, तुळशीत ओतणं त्याहून मोठा गुन्हा. शिवाय माझ्यातला शिक्षक म्हणाला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पिरिटचे दिवे असतात, सोमवारी तिकडे देऊन टाकू. प्लास्टिकवर माझा भरवसा नव्हता, काचेच्या बाटल्या हव्या होत्या. भंगारवाल्याकडे घट्ट झाकणाच्या, सारख्या मापाच्या, स्वच्छ बाटल्या भरपूर होत्या. त्या कशाच्या होत्या हे आपण समजू शकता. सोळा घेतल्या. हातगाडीवरून घरी आणताना दीपमालाताई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आत गेल्या. तासाभरात सुपडूभाऊ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, काई टेन्शन शे का घरमा?"

त्या बाटल्यांवर मी कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अल्कोहोल अधिक पाणी. पिण्यास अयोग्य. उ. पाटील.' गायत्री म्हणाली, ह्या माझ्या घरात राहणार नाहीत. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्या फियाटच्या डिकीत, गोणपाटाखाली नीट रचून ठेवल्या, सोमवारी कॉलेजला न्यायच्या म्हणून. आणि विसरलो. माणूस विसरतो.

रविवारी सकाळी रनाळ्याहून आबांना घेतलं. पांढरं धोतर, टोपी, पायात नवे जोडे. ते पुढे बसले, गायत्री मागे. तळोद्यापर्यंत गाडी अशी धावली की आबांनी डोळे मिटून घेतले. शुद्ध पेट्रोल, मी मनात म्हणत होतो. अक्कलकुव्याच्या पुढे तिला उचक्या लागल्या. थोडं जायची, हिक् करायची, परत जायची.

"कोन याद करी ऱ्हायनं व्हई इले?" आबा म्हणाले.

याद करणारा खापरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेलाच उभा होता. चौथऱ्यावरची फरशी धुऊन काढलेली, दिवे दिवसाढवळ्या लावलेले. कुंदन आपली नवी डिझेल गाडी घेऊन आमच्या मागे निघाला. डिकीत नवा कोरा दोर होता. "असू द्या दाजी, सोबत," म्हणाला.

हद्दीवरच्या नाक्यावर गाडी थांबवली. एरवी थांबवत नाहीत, पण फियाट बघून पोलिसाला कौतुक वाटलं. कौतुकानंच त्यानं चारी बाजूंनी पाहिलं, आणि कौतुकानंच म्हणाला, "डिकी खोलो ने, काका."

मी अभिमानानं खोलली.

ह्या जिल्ह्यात अंगणवाडीतल्या पोराला विचारा, हद्दीपलीकडे काय न्यायचं नाही. गुजरातेत दारूबंदी आहे. अख्खी हयात ह्या हद्दीजवळ काढलेला, शिकलासवरलेला, आदर्श शिक्षक पुरस्कारप्राप्त माणूस, जिल्ह्यातली सगळ्यात ठळक गाडी घेऊन, दारूच्या सोळा बाटल्यांवर स्वतःच्या हस्ताक्षरात 'अल्कोहोल' लिहून, खाली सही करून नाक्यावर हजर झाला होता. पोलिसानं गोणपाट पुरतं बाजूला केलं आणि साहेबांना हाक मारली. नोकरीत त्याला इतकं सोपं काम कधी मिळालं नसेल.

साहेब आले. पन्नाशीचे, शांत. बाटली उचलून वाचली.

"आ तमारी सही छे?"

"हो. पण हे पेट्रोलातलं आहे. पिण्यास अयोग्य असं लिहिलंय ना."

"एवुं तो बधा कहे छे, साहेब." त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि चेहरा वाकडा केला. "पेट्रोलमां दारू कोणे नाखी?"

"दारू पंपावरच असते त्यात. मी वेगळी केली."

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि त्याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं. साहेबांनी शांतपणे सांगितलं की बाटल्या जप्त होतील, आणि बाटल्या ज्या गाडीत सापडल्या ती गाडीही. त्यांनी नाक्यामागे बोट केलं. तिथं मोकळ्या जागेत पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. काहींच्या बोनेटमधून गवत वर आलं होतं. मला चौथरा बरा वाटायला लागला. निदान तिथं फरशी होती.

मी गयावया केली. खोटं कशाला सांगू. म्हटलं, साहेब, सिद्ध करून दाखवतो, आत्ता इथं, पाच मिनिटांत.

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "बतावो."

वीस-पंचवीस माणसं जमली. मी शर्टाच्या बाह्या सारल्या. फियाटच्या टाकीतून अर्धी बाटली पेट्रोल काढलं, पाणी घातलं, पाण्याच्या पातळीला खूण केली आणि हलवलं. "आता बघा," मी म्हणालो, "पाण्याची पातळी वर चढेल. कारण अल्कोहोल पाण्यात उतरणार."

बाटली स्थिर झाली. पाणी खुणेवर होतं तिथंच राहिलं. परत हलवली. काडीचा फरक नाही. तिसऱ्यांदा हलवायला बाटली उचलली, आणि मग लक्षात आलं की ह्या पेट्रोलात अल्कोहोल नाहीच. मी ते इतकं मन लावून काढलं होतं की पुराव्यालाही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"हो, हे धुतलेलं आहे," मी म्हणालो. "न धुतलेलं द्या."

गायत्री तोपर्यंत गाडीतून उतरली होती. ती त्या पहिल्या पोलिसाला म्हणाली, "भाऊ, तुमच्या मोटारसायकलमधलं थोडं देता का?" तिनं मागितलं म्हणून त्यानं दिलं. पाणी घातलं, हलवलं. तळाचं पाणी खुणेच्या वर सरकलं, बोटभर. गर्दीतून हुंकार आला. तो पोलीस आपल्या मोटारसायकलकडे अशा नजरेनं बघायला लागला जशी ती रोज त्याला न सांगता कुठंतरी जाऊन येत होती. मागच्या कारवाल्यानं आपलं तपासायला दिलं. मग एका रिक्षावाल्यानं. प्रत्येकात निघाली. साहेबांनी नाक्यावर लागलेली गाड्यांची रांग एकदा शेवटपर्यंत पाहिली आणि हात वर केला.

"बस, मास्तर. हवे बंध करो. मारे आखी लाईन जप्त करवी पडशे."

सोळाही बाटल्या बाजूच्या खड्ड्यात ओतायला लावल्या. पंचनामा झाला, दोन पानी जबाब झाला, पंच म्हणून एक कारवाला आणि एक रिक्षावाला. या सगळ्यात दोन तास गेले. आबा तेवढ्या वेळात नाक्यावरच्या खुर्चीत बसून पोलिसांशी मिरचीच्या भावावर गुजरातीत बोलत होते आणि दोन चहा प्याले होते. मला वाटलं होतं ते रागावतील. ते माझ्याकडे बघतही नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं.

साहेब म्हणाले, जा. मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

परत फिरवली. परत. मग मला आठवलं. बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत, मी स्वतः दरवर्षी लाल पेनानं खूण करतो ती ओळ: पाण्याने धुतल्यावर द्रव कोरडा करून घ्यावा. धुतल्यावर वाळवायचं असतं. गायत्री शुक्रवारी खिडकीतून नेमकं तेच विचारत होती. माझ्या पेट्रोलात पाणी राहिलं होतं. चालत्या गाडीत ते ढवळत राहिलं म्हणून नुसत्या उचक्या आल्या, आणि दोन तास गाडी उभी राहिल्यावर ते निवांत तळाशी जाऊन बसलं.

कुंदननं काही न बोलता दोर काढला. काही न बोलता, हे मुद्दाम सांगतो. माणूस वाईट नाही.

"ठर कुंदन," गायत्री म्हणाली आणि तिनं रूपचंदला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, सगळा नाका ऐकत होता.

"वहिनी, वाटीमा पानी बठेल व्हई," रूपचंद म्हणाला. "वाटी खोलीसन रिकामी करा. आन् पंपावरलं साधं पेट्रोल टाका तिन्हामा. त्यामानी दारू पानी ओढी लेस. पन सरसले हात लावू देऊ नका."

मी खड्ड्याकडे पाहिलं. ज्याची गरज होती ते आठ लिटर मी तीन दिवस खपून गाडीतून काढलं होतं आणि आत्ताच मातीत ओतलं होतं. कुंदनची गाडी डिझेलची, तिचा काही उपयोग नव्हता. शेवटी त्या पोलिसानंच आपल्या मोटारसायकलमधून दोन लिटर दिलं. गायत्रीनं पदर खोचून बोनेट उघडलं, कार्बोरेटरची वाटी काढली, पुसली, लावली. ती हे कधी शिकली असं मी विचारलं. "रनाळ्याला. आबांनी शिकवलंय. तुम्ही कधी विचारलं नाही," ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. आबा तिच्या शेजारी बसले.

मी, कुंदन आणि गुजरातचे दोन पोलीस, अशा चौघांनी ढकललं. वीस पावलांवर गाडीनं एक ढेकर दिला, धूर सोडला आणि सुरू झाली. थांबवली तर परत बंद पडेल, म्हणून गायत्रीनं थांबवली नाही. खिडकीतून हात काढून 'या मागून' अशी खूण केली आणि गेली. मी पहिल्या वळणापर्यंत धावलो. मग कुंदनची गाडी शेजारी येऊन थांबली.

"दाजी, बसा," तो म्हणाला.

मी बसलो. आत गार होतं. मला रडू यायचं बाकी होतं, हे मान्य करायला आता लाज वाटत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा फियाट भीमसिंग गुरुजींच्या दारात उभी होती, स्वतःच्या चाकांवर. कालीबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, बोनेटवर झेंडूची फुलं ठेवली होती. आबा खाटेवर बसून नाक्याची गोष्ट सांगत होते आणि गुरुजी डोळे पुसत हसत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणालो. "तुम्ही जपायला दिली होती."

"जपी तं ऱ्हायनात तुम्ही," आबा म्हणाले. "मी नई जपी इतकी. टंचाईमा आठ वरीस घासलेट मिसळीसन चालाडी मी ती. कोनले सांगं नई." त्यांनी खाटेवर जागा करून दिली. "गाडी तुमनाकडेच ऱ्हाई. बठा. पन चाबी गायत्रीकडे."

कुंदननं पानात दुसऱ्यांदा भाकरी घेतली आणि चौथऱ्यावर आता पाण्याची टाकी ठेवावी का, असं कालीबाईंना विचारायला लागला.

जेवणं झाल्यावर गुरुजी उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर थाप मारली. मग माझ्याजवळ येऊन अदबीनं, एक शिक्षक दुसऱ्याला विचारतो तसं त्यांनी विचारलं, "सर, खरंच चांगली ठेवलीय. ह्या वयात इतकी चालते. काय घालता तिला?"

गायत्री हात धुता धुता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

"पेट्रोल," मी म्हणालो.

"फक्त?"

"फक्त. पंपावर मिळतं ते."